हंगेरीत व्यसनी, चीनमध्ये निर्व्यसनी

समजा, खानापुरातल्या कॉलेजच्या एका पोराला सोशल मीडियाच्या व्यसनाच्या चाचणीत 22 गुण पडले. आता हा व्यसनी की नाही? हंगेरीतल्या संशोधकांनी 2017 मध्ये धोक्याची रेघ 19 वर ओढली. त्या हिशेबानं पोरगा कामातून गेला. चीनमध्ये 2021 मध्ये तीच रेघ 24 वर ओढली गेली. त्या हिशेबानं तो निर्दोष सुटला. चाचणी तीच, प्रश्न तेच, पोरगाही तोच. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. रेघ कुणी कुठं ओढली यावर आपण कोण ते ठरतं, हा अनुभव आम्ही 1956 च्या राज्यरचनेपासून घेतोय.

ही चाचणी नॉर्वेतल्या बर्गनची. बर्गन आणि खानापूर यांच्यात साम्य एकच, पाऊस. पण बर्गनच्या पावसात विद्यापीठातली माणसं प्रश्नावल्या तयार करतात, आणि कणकुंबीच्या पावसात आमची पोरं एसटीची वाट बघतात. सेसिली आंद्रेआसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 423 विद्यार्थ्यांवर घासून-पुसून सहा प्रश्न उरवले. गेल्या वर्षभरात त्याचाच विचार डोक्यात घोळत होता का? जास्त जास्त वापरावंसं वाटलं का? स्वतःच्या अडचणी विसरायला वापरलंत का? कमी करायला गेलात आणि जमलं नाही, असं झालं का? बंदी आली तर चुळबुळ झाली का? अभ्यासाचं वाटोळं झालं का? प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी 6, जास्तीत जास्त 30. तेव्हा ही चाचणी फक्त फेसबुकची होती. पुढं 2016 मध्ये फेसबुक खोडून तिथं सोशल मीडिया लिहिलं. आमच्याकडं फेसबुकवर आता काकालोकच उरलेत, तेव्हा वेळेवर खोडलं म्हणायचं.

या सगळ्या प्रकाराचं मूळ मात्र एका थट्टेत आहे. न्यूयॉर्कच्या आयव्हन गोल्डबर्ग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं 1995 मध्ये मानसिक आजारांच्या जाडजूड पोथीची टिंगल म्हणून ‘इंटरनेट व्यसन विकार’ नावाचा आजार रचला. लक्षणांत त्यानं चक्क बोटांची आपोआप टायपिंगसारखी हालचाल घातली होती. झालं उलटंच. ‘डॉक्टर, मला हेच झालंय,’ असं लोक खरोखर कळवू लागले. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग यांनी विषय गंभीरपणे हाती घेतला आणि 1998 मध्ये वीस प्रश्नांची चाचणी पुस्तकात छापून आली. थट्टा करणारा बाजूला राहिला, पट्टी मात्र जगभर गेली.

असल्या पट्ट्यांची खरी परीक्षा घेतली ती इंग्लंडमधल्या लियाम सॅचेल आणि मंडळींनी. सोशल मीडिया व्यसनाच्या प्रश्नावलीतून त्यांनी सोशल मीडिया काढला आणि तिथं ‘मित्रांबरोबर प्रत्यक्ष वेळ घालवणं’ हे शब्द बसवले. बाकी साचा तोच. 807 जणांनी उत्तरं दिली, आणि त्यांतले 69 टक्के मित्रांचे व्यसनी निघाले! 2021 मध्ये हा निबंध रीतसर छापून आला. आता हीच प्रश्नावली खानापूर स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर वाटा. संध्याकाळी तिथं टेकलेल्या टोळक्यातला एकजण जरी सुटला तरी मी चहा पाजीन. मित्रांचा विचार डोक्यात? आहे. अडचणी विसरायला? त्यासाठीच तर. कमी करायला गेलो? बायको रोज सांगते. अभ्यासाचं वाटोळं? त्याला आता वीस वर्षं झाली.

आपल्याकडं ही मोजणी पोचते ती बी.एड., नर्सिंग, एम.एस.डब्ल्यू.च्या प्रोजेक्टच्या रूपानं. सबमिशन जवळ आलं की गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर धावायला लागते. ‘फक्त पाच मिनिटं, प्लीज.’ फोन सुटत नाही का, हे विचारायला फोनवरच यायचं. जो दिवसभर फोनला हात लावत नाही त्याला लिंक दिसत नाही, त्यामुळं तो आकड्यांत येत नाही. दारूचं प्रमाण काढायला गुत्त्याच्या दारात वही घेऊन उभं राहावं, तसलाच प्रकार. मग निष्कर्ष येतो की प्रमाण चिंताजनक आहे. शिफारस ठरलेली असते, जनजागृती करावी. जनजागृती कशी करायची? रील बनवून.

फॉर्म भरणाऱ्याच्या आठवणीवर तर कुणीच जाऊ नये. कालची भाजी कुठली होती ते आठवत नाही, त्याला वर्षभराची चुळबुळ विचारतात. लोक आपल्या वापराचा जो अंदाज सांगतात आणि यंत्रात जी नोंद होते, या दोन्हींची तुलना करणारे अभ्यास गोळा करून 2021 मध्ये पडताळले गेले, तेव्हा दोन्हींचा मेळ बेताचाच निघाला. गंमत म्हणजे खरी नोंद आहे. बोट किती वेळ थांबलं, कुठल्या चित्रावर थांबलं, रात्री किती वाजता परत आलं, हे सगळं कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडं असतं. ती कुणाला विचारत बसत नाही. आणि इकडं आमचे प्राध्यापक त्याच गोष्टीसाठी पोराला विचारतात, ‘क्वचित, कधीकधी की बरेचदा?’

फॉर्मचं विचारलं तर जांबोटीच्या वरच्या अंगाचा एक पोरगा म्हणाला, “सर, रेंज आली की भरतो की.” भीमगडच्या जंगलातल्या वाडीवरच्या पोराला पाचवा प्रश्न कसा घालायचा? बंदी आली तर चुळबुळ होते का? बंदी कसली, टॉवरच नाही. त्याची चुळबुळ खरी आहे, पण ती स्कॉलरशिपचा ओटीपी येत नाही म्हणून. प्रश्नावलीत ते व्यसन म्हणून जमा. उलट या पाचव्या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या देशानं एकदा देऊन टाकलंय. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि 8 जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स उघडले. देशाला चुळबुळ करायला नऊ दिवस मिळाले, तेवढ्यात दुकान बदलून मिळालं.

कुणी म्हणेल, म्हणजे व्यसन नाहीच की काय? तसं नव्हे. झोप गेलेली, परीक्षा बुडालेली, घरात कुणाशी न बोलणारी पोरं मीही बघतो. त्यांच्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेत 2014 पासून ‘शट’ नावाचं क्लिनिक आहे. तिथं पोराला समोर बसवून झोपेचं, घरचं, भीतीचं, एकटेपणाचं विचारतात. पण खानापूरहून तिथं जायचं म्हणजे एक रात्र प्रवासात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा विकार आहे. सोशल मीडियाचं व्यसन नाही. म्हणजे जो आजार अजून यादीत नाही त्याची टक्केवारी आमच्याकडं तालुकावार तयार आहे, आणि उपचार करणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो.

पोरांना हे लागलं कुठून, याचाही शोध एकदा घ्यावा. जुलै 2019 मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं उच्च शिक्षण संस्थांना पत्र लिहिलं. संस्थेत एक ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमा आणि विद्यार्थ्यांची फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्रामची खाती संस्थेच्या आणि मंत्रालयाच्या खात्याशी जोडा. ओरड झाल्यावर सक्ती नाही म्हणाले. डिसेंबर 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्र आलं, आवारात सेल्फी पॉइंट उभारा, पोरांना फोटो काढून सोशल मीडियावर टाकायला उत्तेजन द्या. पॉइंटवर पंतप्रधानांचं चित्र. म्हणजे सोशल मीडिया तिथं वापरला तर राष्ट्रकार्य, आणि खोलीवर पडून वापरला तर चौथ्या प्रश्नाला पाच गुण.

त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव सरळ. तिथं ऑगस्ट 2022 मध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. नॉर्वेला विचारलं नाही, गुण काढले नाहीत. मुख्य म्हणजे भोंगा पोरांसाठी वाजला तसा थोरांसाठीही वाजला. कॉलेजांना हे जमायचं नाही. आमच्याकडं वेळापत्रक ग्रुपवर, हॉल तिकीट ग्रुपवर, सुट्टी ग्रुपवर, आणि उद्या सकाळी आठला तास आहे ही खबरही आज रात्री साडेअकराला ग्रुपवर. पोरानं फोन बंद केला तर त्याची हजेरी जाते, चालू ठेवला तर त्याचे गुण वाढतात.

म्हणून चाचणीत एक सातवा प्रश्न घालावा अशी नम्र सूचना आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही रात्री अकरानंतर विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सूचना टाकलीत का? अगदी क्वचित, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमीच. हा प्रश्न फक्त प्राध्यापक आणि प्राचार्यांसाठी. उत्तर ज्याचं त्यानं भरायचं. क्लार्ककडून भरून घेतलेले फॉर्म बाद.