बॉनेटचे मसलतगार

ग्वाल्हेरचा जो भाग आज लष्कर या नावाने ओळखला जातो, तेथे 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि तंबूंच्या जागी यथावकाश वाडे उभे राहिले. त्या वाड्यांमधून ज्या गल्ल्या, म्हणजे येथल्या बोलीत ओल्या, निघाल्या त्या आखणाऱ्यांची दृष्टी घोडा, मेणा आणि फार झाले तर एखादा हत्ती यांच्या पलीकडे गेली नसावी, आणि तिने जावे अशी अपेक्षा करणे न्यायाचेही नाही. परिणाम असा की त्यांपैकीच एका, आमच्या दाना ओलीत मोटार उभी राहिली की तिच्यावरील मालकाचा एकछत्री अंमल संपतो. सायकलस्वार तिला टेकतात, पोरांचे चेंडू तिच्या पोटाखाली जातात, शेजारणी तिच्या आरशात वेणी ठीक करतात. तरीसुद्धा जोवर तिचे बॉनेट मिटलेले असते तोवर तिच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेपाचा हक्क कोणी सांगत नाही. ते एकदा उघडले, आणि उघडल्यावर नीट लागेनासे झाले, की मात्र वस्तीचा तो हक्क निर्विवाद प्रस्थापित होतो. आणि तो बजावण्यासाठी समोरच्या जिन्यावरून, कठड्याला हात न लावता, जे गृहस्थ सावकाश खाली उतरतात त्यांना आम्ही बॉनेटचे मसलतगार म्हणतो.

या वर्गाची उत्पत्ती इतिहासात शोधावी लागते. मध्यभारताच्या अमदानीत हिवाळी राजधानी ग्वाल्हेरास आणि उन्हाळी राजधानी इंदुरास अशी वाटणी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या समजुतीखातर काही दफ्तरे तिच्या पदरात पडली: महसुलाचे मंडळ, महालेखाकारांचे कार्यालय, आबकारी, आणि सर्व राज्यातील मोटारींच्या कारभाराचे आयुक्तालयसुद्धा. हुकूम भोपाळने सोडावेत आणि त्यांतील चुका ग्वाल्हेरने काढाव्यात, अशी ही श्रमविभागणी होती. लष्करातील मराठी कुटुंबांच्या कित्येक कर्त्या पुरुषांचे आयुष्य या दफ्तरांत दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप नोंदवण्यात गेले. निवृत्तीनंतर पेन्शन वेळेवर येत राहिले, परंतु आक्षेप घेण्यास योग्य असे काही हाती येईना. उघडे बॉनेट ही त्या तहानेवर मिळालेली सनद आहे.

पांढरा लेंगा, त्यावर खादी भांडाराचा अर्धा सदरा, हिवाळा असेल तर लोकरी बंडी आणि मफलर, आणि चष्मा नेहमी कपाळावर, अशी मूर्ती मोटारीपाशी येऊन थांबते. मसलतगार पहिली काही मिनिटे बोलत नाहीत, हात पाठीमागे बांधून ते मोटारीला एक प्रदक्षिणा घालतात, ज्या मागच्या चाकाचा प्रकरणाशी दूरान्वयानेही संबंध नाही त्याला वहाणेच्या टोकाने स्पर्श करतात, आणि मग मालकाकडे न पाहता इंजिनाला उद्देशून विचारतात, "कधीपासून?" या प्रश्नाचे उत्तर काहीही दिले तरी त्यांच्या मते तो विलंबच असतो. त्यानंतर कैफियत घेतली जाते: गाडी कोठे धुतली, कोणाकडून धुतली, कोणत्या मिस्त्रीने शेवटचा हात लावला, आणि त्या मिस्त्रीची शिफारस मुळात केली कोणी. बॉनेट का लागत नाही यापेक्षा ते लागत नसल्याची जबाबदारी कोणाच्या शिरावर निश्चित करावी, हा त्यांच्या दृष्टीने अग्रक्रमाचा विषय. आणि चाळीस वर्षे दफ्तरात काढलेल्या माणसाला याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही.

जबाबदारी निश्चित झाली की दाखले सुरू होतात. त्यांच्या काळी बॉनेटे अशी नव्हती. मद्रासला 1961 पासून जी स्टँडर्ड हेरल्ड निघू लागली, तिचे बॉनेट मडगार्डांसकट अखंड पुढच्या बाजूला कलंडत असे आणि दोन्ही कुशींवरच्या कड्या ओढून ते बंद करावे लागे. मसलतगारांच्या साहेबांची ती मोटार होती, आणि डावी कडी लावावी तर उजवी निसटते, उजवी धरावी तर डावी, म्हणून ते दोघे दोन बाजूंना उभे राहून एकाच वेळी "लावा" म्हणत, हे सांगताना त्यांचा आवाज किंचित ओलसर होतो. एवढ्याने मालकाचे समाधान झाले नाही तर जयविलास प्रासादाचा दाखला येतो. 1874 साली जयाजीराव शिंद्यांसाठी मायकेल फिलोज यांनी तो प्रासाद उभा केला, आणि दरबार दालनातील ती दोन प्रचंड झुंबरे टांगण्यापूर्वी छताची परीक्षा म्हणून त्यावर हत्ती चढवले, अशी कथा ग्वाल्हेरातील प्रत्येक मूल दात येण्यापूर्वी ऐकते. इतर शहरांतले लोक या कथेतून वास्तुशास्त्राची थोरवी घेतात. मसलतगारांनी मात्र तिच्यातून असा सिद्धांत काढला आहे की कोणत्याही पदार्थाची खात्री करून घ्यायची असेल तर त्यावर भार टाकावा.

आणि ते भार टाकतात. येथे खरी आपत्ती सुरू होते. बॉनेटाच्या पुढच्या कडेला आतून एक आकडा असतो आणि खाली रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर त्याला पकडणारे कुलूप. आकडा कुलपाच्या जबड्यात वेगाने उतरला की जबडा फिरून मिटतो. हे होत नाही त्याची कारणे ठरावीक आहेत. कुलपातले ग्रीस वर्षांच्या धुळीने घट्ट होते. आतून खेचण्याची तार गंजून अर्ध्यावरच अडकते. दोन्ही कोपऱ्यांवरचे रबरी ठोकळे, जे आटे फिरवून वरखाली करता येतात, ते प्रमाणाबाहेर वर आलेले असतात. किंवा पुढून कोठेतरी धडक बसल्याने पट्टीच वाकून आकडा व जबडा यांची गाठ चुकते. यांपैकी एकाही कारणावर दाबणे हा उपाय नाही. बॉनेट वीतभर उंचीवर धरून सोडून द्यावे, त्याचे स्वतःचे वजन पुरते. आजकालचा पत्रा इतका पातळ असतो की दोन तळहातांनी रेटले तर कुलूप लागो न लागो, तळहातांची मुद्रा मात्र त्यावर कायमची उमटते. (दाना ओलीतल्या जुन्या रहिवाशांच्या मोटारी बॉनेटावरच्या खळग्यांवरून ओळखता येतात.)

गेल्या मार्गशीर्षात आमच्या शेजारच्या एका तरुणाने पाणी पाहण्यासाठी बॉनेट उघडले, तेव्हा हा सर्व विधी आद्यन्त पाहण्याचा योग आला. मसलतगारांनी प्रथम कुलपात बोट घालून "इथे काय आहे बघू" म्हणत जबडा चाचपला. आतून खट्ट असा आवाज झाला, त्यावर ते "अजून स्प्रिंग जिवंत आहे" असा अभिप्राय देऊन मागे सरले. त्या खट्टासरशी रिकामा जबडा मिटून बसला होता, आणि मिटलेल्या जबड्यात आकडा शिरणे आता ब्रह्मदेवालाही साधणारे नव्हते. मग दाबणे झाले. एकट्याने झाले, दुधवाल्यासह झाले, कोपऱ्यावर तरुणाच्या मित्राला बसवूनही झाले. "अरे बेटा, मनापासून दाब," असे मसलतगार म्हणत आणि स्वतः मफलर सावरीत. थंडीने पत्रा आखडला आहे, हे एक मत पुढे आले. जूनमध्ये याच ठिकाणी उन्हाने पत्रा फुगल्याचे मत त्यांनीच मांडले होते, परंतु ऋतुमानाप्रमाणे मत बदलणे यात आम्हास तरी काही गैर दिसत नाही. शेवटी बॉनेट सुतळीने बांधून गाडी लोहिया बाजाराच्या बाजूला न्यावी, असा ठराव एकमताने संमत होत असतानाच पलीकडून एक मिस्त्री आपल्या कामाला चालला होता, तो थबकला. "बाबूजी, दबाने से नहीं होगा," एवढेच बोलून त्याने दार उघडले, आतली खिट्टी खेचली, जबडा उघडला, कुलपावर तेलाचे चार थेंब सोडले आणि बॉनेट वरून अलगद सोडून दिले. ते लागले. त्याने पैसे घेतले नाहीत, थांबलाही नाही.

क्षणभर शांतता पसरली. मग मसलतगारांनी चष्मा डोळ्यांवर आणला, लागलेल्या बॉनेटाच्या फटीवरून नखाचे टोक फिरवले आणि जमलेल्यांस उद्देशून म्हणाले, "मी दाबून दाबून जागेवर आणूनच ठेवलं होतं, त्याने फक्त सोडलं." आणि जमलेल्यांनी माना डोलावल्या, कारण दुसऱ्या दिवशी कोणाच्या घरी विजेच्या बिलावर तक्रारअर्ज लिहायचा होता, कोणाच्या मुलाच्या रहिवासी दाखल्याचे काम तहसिलीत अडकले होते, आणि ती कामे मिस्त्री करणार नव्हता.

त्यांच्याविषयी आमचा फैसला असा की या मनुष्याला बॉनेट लागावे असे मनातून कधीच वाटत नाही. लागलेल्या बॉनेटाभोवती सभा भरत नाही, दुधवाला उभा राहत नाही, तरुण पोरे "काका, तुम्हीच सांगा" म्हणत नाहीत; वर जिना चढून गेले की खोलीत एक रेडिओ आणि पुण्याला गेलेल्या मुलाचे छायाचित्र आहे. तो बॉनेट दाबतो हे खरे. पण इतक्या ठिकाणी, इतक्या निष्फळ रीतीने आणि इतक्या मनःपूर्वक दाबतो की लबाडीचा आरोप त्याच्यावर टिकणार नाही. अज्ञानाचा टिकेल, आणि तो आम्ही ठेवतोच.

तेव्हा दाना ओलीत मोटार बाळगणाऱ्यांस एवढीच विनंती की बॉनेट उघडण्याचे काम दुपारी जेवणानंतरच्या दोन तासांत, मसलतगार वामकुक्षी घेत असताना उरकावे; आणि ते साधले नाही तर आतली खिट्टी आधी खेचावी, चहाचा पेला त्यांच्या दोन्ही हातांत द्यावा, आणि ते फुंकर घालीत असतानाच बॉनेट सोडून द्यावे.