डॉक्युमेंटरीकाका

आमच्या सोसायटीतल्या डॉक्युमेंटरीकाकांचा बातम्यांवर काडीचा विश्वास नाही. “सगळे विकले गेलेत,” म्हणतात. मात्र तीच बातमी कुणी खर्जातल्या आवाजात, नकाशावर लाल बाण सरकवत सांगितली, की काका मांडी ठोकून बसतात. भाजीवाल्याचा तराजू चारदा तपासणारा हा माणूस इथे मात्र वजन आवाजावरून ठरवतो.

तरुणपणी हेच काका फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट संपेपर्यंत थिएटरबाहेर सिगरेट ओढत उभे राहायचे. तेव्हा तो दाखवायची सक्ती होती, त्यामुळे माल सरकारी आहे हे शेंबड्या पोरालाही कळायचं. आता सक्ती नाही, तर काका आपणहून रात्री एकपर्यंत बघतात.

युक्रेनचं युद्ध त्यांनी सोफ्यावरून दोन्ही बाजूंनी लढलं. २०२२ मध्ये यूट्यूबने रशियाची सरकारी वाहिनी ‘आरटी’ जगभर बंद केली, तेव्हा काका उजळले. “बंद केली म्हणजे खरंच सांगत असणार!”

एकदा विमान पाडल्याचं दृश्य ते आम्हांला समजावून सांगत होते. नातू म्हणाला, “आजोबा, हा ‘आर्मा ३’ गेम आहे.” या गेमची दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली, की कंपनीलाच २०२२ मध्ये पत्रक काढून ती ओळखायच्या खुणा सांगाव्या लागल्या: चित्र धूसर, कॅमेरा हलता, बहुधा अंधार, आवाज गायब. काका नेमक्या याच खुणांवरून ते दृश्य अस्सल ठरवत होते.

शेवटी मी त्यांना एक जुनी इंग्रजी फीत दाखवली. लेनी रीफेनश्टालने नाझींच्या १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ हा प्रचारपट काढला. त्यातलीच दृश्यं चार्ल्स रिडलीने पुढे-मागे फिरवून, त्यांना ‘लँबेथ वॉक’ या नाचगाण्याची चाल लावून १९४२ च्या सुमारास हिटलरच्या फौजेला नाचवलं. पाय तेच, बूट तेच. नुसत्या कात्रीने दरारा गेला आणि तमाशा झाला. काका ठसका लागेपर्यंत हसले. मग आग्रह धरून मूळ फिल्मही लावून घेतली. पाचच मिनिटांत पाठ ताठ.

“काही म्हणा,” काका हळूच म्हणाले, “शिस्त होती हो!”

“शिस्तीचं एवढं कौतुक आहे ना,” काकू आतून कडाडल्या, “मग पलंगावरचा ओला टॉवेल उचला आधी!”