तसबिरीशेजारचा परवाना
अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वये उपाहारगृहाला मिळणारा 14 आकडी परवाना क्रमांक बहुधा गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी, उदबत्तीचा धूर पोहोचेल अशा उंचीवर टांगलेला असतो. त्यामुळे त्याला नमस्कार घडतो, वाचन मात्र घडत नाही. तेल वारंवार तापवल्याने त्यात साचणाऱ्या विघटित घटकांना ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ म्हणतात आणि त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास 1 जुलै 2018 पासून मनाई आहे; परंतु कढईतील काळ्याभोर द्रवाला हा नियम कोणी वाचून दाखवलेला नसावा, शिवाय भज्यांची खरी चव जुन्या तेलातच उतरते असे मानणारे गिऱ्हाईकही (हे विसरता कामा नये) मालकाच्याच पक्षाचे असते. काटेकोरपणे पाळला जाणारा नियम एकच, आणि तो भटारखान्याच्या दारावर लिहिलेला असतो: आत येण्यास मनाई आहे.