चार्जिंगच्या भोकातला कापूस

"काय हो वहिनी, सकाळपासून फोन बंद तुमचा!"

"चार्जच होईना, काकू. ह्यांच्या फोनवरून कंपनीला लावला. एक दाबा, दोन दाबा... शेवटी एक बाई मिळाली, म्हणते फॅक्टरी रीसेट करा. म्हणजे सगळे फोटो पुसायचे! नातवाच्या बारशाचे त्यातच आहेत."

"केलंत की काय?"

"छे! तडक मंडईमागच्या मोबाइलवाल्याकडे गेले. त्यानं टॉर्च मारून भोकात बघितलं आणि लाकडी काडीनं हळूच उकरलं. सुई नको म्हणाला, आतल्या पिना बिघडतात. हा एवढा कापूस निघाला! पर्समधला, दाबून दाबून घट्ट बसलेला. मग केबल खट्‌कन लागली. पैसे घेईना, मीच वीस रुपये ठेवले."

"फोनवरच्या बाईला कापूस कसा दिसणार म्हणा! आणि कोपऱ्यावरच्या भाऊंचं कळलं का? कुणाला सांगू नका हं. बँकेचा नंबर गूगलवर शोधला, तो निघाला भामट्याचा. एनीडेस्क ॲप टाका म्हणाला, कोड सांगा म्हणाला. भाऊंनी सांगितला! मग काय, ओटीपीसकट सगळं त्याला दिसतंय."

"अगंबाई! रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच त्याबद्दल सावध केलं होतं."

"सुनेनं लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला म्हणून थोडे पैसे तरी अडकले. ॲप वाईट नाही हो, माझा भाचा त्यावरूनच ऑफिसातली कामं निस्तरतो. पलीकडे कोण आहे ते ठाऊक हवं."

"दुकानात तरी कुठे डोळे झाकून द्यायचा? मी समोर स्टुलावर बसून राहते, पासवर्ड स्वतः टाकते. दोन दिवस ठेवून जा म्हणाला, तर उचलून घरी आणते."

"मागे नोव्हेंबरात आमच्या ह्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढायला घेतला. घरबसल्या होतो म्हणे. घरी बसून बसून हे वैतागले, दाखला काही निघेना. शेवटी तुमच्या त्याच दुकानात गेलो. उजेडाकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला, 'काका, आता पापणी मिटा', की झालं! मुलगा गुणी आहे हो. लग्नाचा आहे का?"

"कसला लग्नाचा! शेजारी बसून स्क्रीनगार्ड लावते ना, ती बायको त्याची. लॅपटॉप तीच उघडते, त्याला फक्त मोबाइलमधलं कळतं."