अळूचे पान पाचवे

स्टॉकहोम, डिसेंबर

ति. आईस शि. सा. नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर तू आधी माझं तोंड किती सुकलंय ते बघतेस, मग बाबा फोन ओढून वडखळ नाक्यावरच्या ट्रॅफिकची बातमी देतात, आणि अळूचं नीट सांगायचं राहूनच जातं. म्हणून पत्र.

तर आमच्या घरात अळू आहे. तुझ्या जावयांनी इथल्या भारतीय दुकानातून आणलेल्या अळकुड्यांतली एक मोडावर आली होती, ती कुंडीत पुरली आणि चक्क रुजली. आपल्याकडे गडबला मोरीच्या पाण्यावर माजणाऱ्या अळूकडे कुणी ढुंकून बघत नाही. इथे त्याला बैठकीत खिडकीची जागा आहे आणि आम्ही सोफा सरकवून भिंतीला टेकलोय.

खिडकी तरी काय कामाची! या महिन्यात पावणेनऊला उजाडतं आणि दुपारी पावणेतीनला दिवेलागण. त्यामुळे अळूसाठी खास दिवा आणलाय. सगळ्या इमारतीच्या खिडक्यांत नाताळचे कागदी तारे नि सात मेणबत्त्यांचे दिवे, आणि आमच्या खिडकीत जांभळा उजेड. खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात अडवून फार सभ्यपणे विचारलं, “तुम्ही घरात नेमकं काय पिकवता?” भाजी, म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

दुसरी गोष्ट हवेची. खिडकीखालीच हीटर, त्यामुळे हवा इतकी कोरडी की तू दिलेले पेणचे पोह्याचे पापड उघड्या ताटात ठेवले तरी सादळत नाहीत. आपल्याला बरं, अळूला नाही. पानाच्या मागे बारीक जाळी दिसली, म्हणजे लाल कोळी. आता दर रविवारी जावई कुंडी उचलून बाथरूममध्ये नेतात आणि शॉवरखाली एकेक पान मागून-पुढून धुतात. पोरांना इतक्या प्रेमाने कधी आंघोळ घातली नाही.

मध्यंतरी पहाटे लाकडी जमिनीवर थेंब दिसायला लागले. वरच्यांचा पाइप गळतोय, असं जावयांनी जाहीर करून टाकलं आणि स्टूलवर चढून छत चाचपलं. मी पानाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एक टपोरा थेंब लोंबत होता. कुंडी ओली असली की मुळं रात्रभर पाणी वर ढकलतात आणि जास्तीचं टोकातून गळतं. त्यांनी तरीही छत आणखी दोनदा ठोकून बघितलं.

पण खरं भांडण वडीचं आहे. उंड्याला चार-पाच पानं तरी हवीत, हे तुला काय सांगायचं! आणि उजेड कमी म्हणून आमचं अळू चाराच्या वर जातच नाही. पाचवं पान सुरळीतून उलगडायला जो वेळ घेतं, त्यात मुंबई-गोवा हायवेचं 2011 पासूनचं चौपदरीकरण आठवतं. आणि ते उलगडलं रे उलगडलं की खालचं जुनं पान पिवळं पडून मान टाकतं. मी म्हणते, आहेत त्या चारांची वडी करू. जावई म्हणतात, वाढवलेल्या झाडावर सुरी चालवायची नाही. गणपतीतही त्यांनी नैवेद्याला बटाट्याची भाजी चालवून घेतली, पण अळूला हात लावू दिला नाही. पेण तालुक्यात हे कळलं तर काय म्हणतील?

तू फोनवर म्हणालीस, इकडे येताना पापडाच्या डब्यात लपवून घरची चार अळकुड्या आणते. अजिबात आणू नकोस. डिसेंबर 2019 पासून बाहेरून युरोपात रोप, कंद, ताजी भाजी आणायची तर सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना: केळं, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन. यादी करायला बहुतेक आपल्यातलाच कुणी बसला असावा, पहिली दोन बघ. फक्त त्याला भाजी आवडत नसणार.

तेव्हा येताना नारळ आण. आणि चिंच, बिया काढून. आल्यावर वडी करायची की नाही याचा निवाडा तूच कर. जावई तुझ्यापुढे बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
ताई

ता. क. बॅग 23 किलोचीच आहे असं आईंना बजावून सांग, असं जावई म्हणाले. मी सांगितलं. नारळ किती आणायचे ते तुम्ही दोघं बघून घ्या.