पाईप दोन फुटी, भानगड नऊ फुटी

"ऐकलंस का गं? त्या कोपऱ्यावरच्याने पाईप आणून टाकलाय दारात. काळा, प्लॅस्टिकचा, चांगला दोन फुटी. आणि स्वतः पायरीवर असा बसलाय, की जणू मुलीचं लग्न मोडलंय."

काकू कुंपणापलीकडून बोलत होत्या. मूळच्या चिपळूणजवळच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी इथे सिअ‍ॅटलच्या उपनगरात आलेल्या. कुंपणाच्या फळ्या उंच आणि काकू बुटक्या, म्हणून त्यांच्या बाजूला एक उलटी बादली कायमची ठेवलेली असते. बादलीवर चढल्या की बातमीपत्र सुरू.

"लग्न नाही हो, मोरी मोडलीय," मी म्हटलं. "गल्लीच्या तोंडाशी रस्ता खचलाय ना, तिथली. खालचा पत्र्याचा पाईप तळातून गंजून गेलाय. हिवाळ्यातल्या पावसात पाणी पाईपाच्या बाहेरून वाट काढू लागलं आणि वरची माती घेऊन गेलं."

"मग बदलायची. त्यात काय? जेसीबी लावला की दोन दिवसांचं काम. आमच्या ह्यांनी बांधकाम खात्यात मुकादमी केली जन्मभर. अशा किती मोऱ्या घातल्या असतील!"

"त्याचंही तेच म्हणणं होतं. गल्ली खासगी, म्हणजे मोरी आपल्या सगळ्यांच्या मालकीची. शनिवार-रविवारात उरकून टाकू म्हणाला. जेसीबी भाड्याने सांगूनही ठेवला होता."

"आणि?"

"आणि त्या पिवळ्या घरातल्या बाईने त्याला विचारलं, एचपीए काढलंस का?"

"आता हे काय नवीन?"

"नवीन नाही, १९४३ पासूनचा कायदा आहे. या राज्यात ओढ्यानदीच्या पात्रात काहीही करायचं तर मत्स्य आणि वन्यजीव खात्याची परवानगी लागते, तीच ही एचपीए. तुमची जमीन असली तरी."

काकूंनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस, ओढ्यात घोट्याएवढं पाणी. "त्या ओहोळासाठी? त्यात बेडूक तरी आहे का?"

"तेच त्याने विचारलं. पण इथे डोंगराच्या अलीकडे, म्हणजे या पश्चिम बाजूला, पात्र दोन फुटांहून रुंद असलं आणि चढ फार खडा नसला, की मासे येत असणार असंच धरून चालतात. नाहीत म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं."

"हे बरंय! चोर नाही हे चोरानेच दाखवायचं."

"मग एक सल्लागार बाई आल्या टेप घेऊन. मोरीजवळ मोजलंच नाही त्यांनी. पाईपामुळे तिथलं पात्र बिघडलेलं असतं ना, म्हणून वरच्या अंगाला जाऊन मोजलं. ओढा काठोकाठ भरला की किती रुंद होतो, ते. सहा फूट निघाला. त्याची सव्वापट नाही, एक पूर्णांक दोन पट करायची आणि वर दोन फूट घालायचे."

काकूंनी बोटांवर हिशेब केला. मुकादमाच्या घरचा हिशेब, चुकतो कुठला! "नऊ फुटांच्या वर जातंय की गं. आणि ह्याने आणलाय दोन फुटी!"

"म्हणून तर पायरीवर बसलाय."

"पण दोन फुटातून पाणी जातंय ना आत्ता? पुरतंय ना?"

"पाण्याला पुरतं, माशाला पुरत नाही. अरुंद नळीत पाणी कोंडतं आणि जोरात सुटतं. आत दगड नाही, खळगा नाही, माशाने दम घ्यायचा कुठे? आणि बाहेर पडताना ते पाणी खालचा तळ उकरत जातं. दरवर्षी थोडा थोडा. मग पाईपाचं तोंड हवेत लटकतं. मोठा कोहो सामन मारेल उडी एखादी, पण पिल्लांना वीतभर चढही भारी. कोहोची पिल्लं वर्षाहून जास्त दिवस असल्याच लहान ओढ्यांत काढतात, पुराच्या वेळी वर-खाली सरकत. म्हणून नऊ फूट. आत ओढ्याचाच दगडगोट्यांचा तळ करायचा, म्हणजे वर रस्ता आहे हे माशाला कळताही कामा नये."

काकू एकदम गप्प. मला वाटलं, बादली हलली.

"चढणीचे मासे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, मिरगाचा पाऊस झाला की खालचे मासे पऱ्याने वर चढायचे, थेट भातखाचरात. अंडी घालायला. रात्री कंदील घेऊन पोरं निघायची. आमच्या वाडीच्या पऱ्यावर आधी फरशी होती. पाऊस लागला की फरशीवरून पाणी, एसटी पलीकडेच थांबायची. बाळंतीण अडली तर डोलीत घालून न्यायची. म्हणून मोरी मागितली गावाने. दोन सिमेंटच्या नळ्या टाकल्या, वर भराव. आमच्या ह्यांच्याच हाताखाली झालं काम. नारळ फोडला, पेढे वाटले."

"मग?"

"मग तू म्हणतेस तस्संच. नळ्यांच्या तोंडाशी कोंड पडली. पहिल्या पावसात मासे तिथवर यायचे आणि अडकायचे. पोरांची चैन! पाटीने उपसा. दोन-तीन पावसाळे घरोघरी वास. लोक म्हणाले, मोरी काय लाभली गावाला! आणि मग एका वर्षी कंदील घेऊन गेले ते रिकामे आले. तेव्हापासून नाहीतच. कुणी म्हणालं फवारणीमुळे, कुणी म्हणालं कलियुग. मोरीचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही घेतलं. घरचाच माणूस ना!"

"परवानगी कुणी विचारली नाही?"

"वा! कागद नव्हते असं समजू नकोस. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तक, सगळं शिस्तीत. ह्यांनी एक सही चुकवली नाही. पाणी किती येतं, भार किती सोसेल, खडी किती लागेल, सगळ्याचा रकाना होता. माशाचा नव्हता."

"काकू, इथेही अगदी हेच झालंय. रस्त्यांखालच्या या जुन्या मोऱ्या काय चोरून घातल्या होत्या? इंजिनिअरांनी आराखडे काढून, मंजुऱ्या घेऊन घातल्या. पुढे कोर्टात गेलं प्रकरण."

"कोण गेलं?" कोर्ट म्हटल्यावर काकूंनी कोपर कुंपणावर टेकलं.

"इथले मूळचे लोक. त्यांनी १८५४-५५ मध्ये करार करून जमिनी दिल्या, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. मग शंभर वर्षं कुणी तो पाळला नाही. १९७४ मध्ये बोल्ट नावाच्या न्यायाधीशांनी सांगितलं की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा."

"निम्मा! शाब्बास. पण मासेच नसले तर निम्मा कशाचा?"

"हेच! हाच त्यांचा पुढचा मुद्दा. २००१ मध्ये २१ जमाती कोर्टात गेल्या, की राज्याच्या रस्त्यांखालच्या मोऱ्यांनी मासे वर जाईनासे झालेत. राज्याने काय सांगावं? म्हणे या मोऱ्यांचे आराखडे केंद्र सरकारनेच ठरवून दिले होते, आता तक्रार कसली!"

"बघ, शिक्का दाखवला!"

"पण चालला नाही. २०१३ मध्ये हुकूम झाला की मोऱ्या बदला. ज्यांच्या वरच्या अंगाला जास्त ओढा अडकलाय त्या २०३० पर्यंत. राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये तिथे चार विरुद्ध चार."

"आणि नववा कुठे गेला? कुणाच्या मुंजीला?"

"न्यायमूर्ती केनेडी. ते फार पूर्वी खालच्या कोर्टात असताना याच खटल्याच्या एका भागात बसले होते, म्हणून बाजूला राहिले. बरोबरी झाली की खालचा निकाल कायम. आता राज्य त्यापायी अब्जावधी डॉलर मोजतंय. तो हुकूम सरकारी मोऱ्यांपुरता आहे. पण आपण नवी घालायची तर माशाला वाट ठेवलीच पाहिजे, ते सगळ्यांना लागू."

"म्हणजे त्या एका खात्याचा कागद आणला की झालं?"

"कुठलं! पात्रात दगडमाती टाकायची तर १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली लष्कराच्या इंजिनिअर खात्याचा होकार."

"लष्कर? ओहोळावर?"

"हो. छोट्या कामांसाठी देशभराची एक परवानगी आधीच काढून ठेवलेली असते, तिच्या अटींत बसलं की भागतं. शिवाय इथला चिनूक सामन १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे, त्याला त्रास होईल का ते बघायचं. मग काऊंटीची खोदाईची परवानगी. यातल्या बऱ्याच ठिकाणी अर्ज एकच चालतो, तेवढी सोय केलीय."

"अर्ज एक आणि टेबलं सतरा. हे मात्र आपल्यासारखं."

"आणि सगळं हातात आलं तरी पात्रात उतरायची मुभा उन्हाळ्यातच, साधारण जुलै ते सप्टेंबर. ओढ्यागणिक तारखा वेगळ्या. वाळूच्या पिशव्यांनी पाणी अडवायचं, पंपाने पलीकडे सोडायचं, पंपाच्या तोंडाला जाळी. आणि त्याआधी आतले मासे जाळ्याने धरून बादलीतून दुसरीकडे नेऊन सोडायचे."

काकूंनी पायाखालच्या बादलीकडे नजर टाकली. "त्या कामाला मी येईन. पण पैसे कुणी द्यायचे गं? पाईपापेक्षा कागदच महाग पडणार असं दिसतंय."

"तेच तर भांडण पेटलंय. लहान वनजमीनवाल्यांना राज्याची मदत मिळते, आपल्या गल्लीला नाही. लाल गॅरेजवाले म्हणतात, आम्ही मोरीच्या अलीकडे राहतो, आमची गाडी तिथून जातच नाही. तळंवाले म्हणतात, निवृत्त माणसं आम्ही, इतकी वर्गणी कुठून आणू? आणि कोपऱ्यावरचा म्हणतो, मी माझा पाईप फुकट देतो, रात्रीत टाकू, कुणाला कळतंय?"

"तळंवाल्यांचं खरं आहे हो. ज्याला झेपत नाही त्याच्याकडून कमी घ्यावं. पण त्या कोपऱ्यावरच्याला सांग, एकदा नळी पुरली की माणसाची हयात जाते, ती कुणी उकरत नाही. आमच्याकडची अजून आहे. हे गेले, ती आहे." काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "मीटिंग कधी आहे म्हणालीस?"

"रविवारी. पिवळ्या घरात. पण काकू, सगळं इंग्रजीत असणार."

"असू दे. इंग्रजी तू बोल, भांडण मी करते."