अगंबाई, दत्ताच्या वारी लाल गुलाब!

गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. आपल्याकडे एव्हाना दत्ताची आरती होऊन, पेढे वाटून मंडळी मुगाच्या खिचडीला लागलेली असतात. आणि तिकडे बँकॉकात? राचाप्रसोंग चौकात, सेंट्रलवर्ल्ड नावाच्या अवाढव्य मॉलच्या दारात तरण्याताठ्या पोरी लाल गुलाबांचे गुच्छ घेऊन त्रिमूर्तीसमोर ताटकळत उभ्या! कशासाठी म्हणाल, तर बॉयफ्रेंड मिळावा म्हणून. नवऱ्याचा विषय तर अजून निघालेलाच नाही.

अहो, त्रिमूर्ती म्हणजे कोण? गुरुवार वार कुणाचा? ज्या अवधूताने औदुंबराखाली बसून जगाला वैराग्य शिकवलं, त्याच्या नावाने नऊ लाल गुलाब, नऊ उदबत्त्या, लाल मेणबत्त्या आणि मागणं काय, तर उंच असावा, पगार बरा असावा, मेसेजला लगेच उत्तर देणारा असावा. नरसोबाच्या वाडीला हे कळलं तर काय होईल, याची कल्पनाच करवत नाही. त्यात मूर्तिशास्त्राचे जाणकार सांगतात की ती मूर्ती मुळात त्रिमूर्तीची नाहीच, पाच तोंडांच्या सदाशिवाची आहे. झालं! दत्तगुरू सुटले आणि महादेव अडकले. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की महादेवांना संसाराचा अनुभव तरी आहे.

साडेनऊच का? तर त्या वेळेला देव खाली उतरतो म्हणे. उशीर झाला तर पुढच्या गुरुवारपर्यंत एकटंच बसा. त्या गर्दीत जरा कडेला उभं राहून पाहावं. एक पोरगी येते, गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र लोंबतंय. टाचांचे बूट काढून नीट जोडीने कडेला ठेवते. मोबाइलवर मंत्र उघडते, तो ओठांतल्या ओठांत पुरा करते, आणि मग देवाला स्वतःचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि राहता पत्ता सांगते. पत्ता! देवाने धाडलेला माणूस चुकून शेजारच्या इमारतीत जाऊ नये, इतकी काळजी. आपण पिढ्यानपिढ्या 'देवा, तुला सगळं ठाऊक आहे' म्हणून मोकळे होतो आणि मग काम झालं नाही की त्यालाच बोल लावतो.

तर या सगळ्या खुळाला तिकडे म्हणतात मूतेलू (उच्चार करताना मराठी माणसाने जरा जपूनच). देवळं, नवस, ताईत, ज्योतिष, शुभ रंग, शुभ आकडे, सगळं एकाच पिशवीत. आणि हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं खूळ समजू नका. विशी-पंचविशीतली, शिकलेली, हातात महागडी कॉफी घेतलेली मंडळी यात आघाडीवर. मोबाइलच्या पडद्यावर लावायला देवाचे खास वॉलपेपर मिळतात; धनलाभाचा वेगळा, प्रेमाचा वेगळा, आणि ते जन्मवार विचारून करून देणारेही आहेत. कुठल्या वारी कुठल्या रंगाचे कपडे घातले की बढती मिळते, त्याचे तक्ते नव्या वर्षाला घरोघरी फिरतात. आपल्या बायका नवरात्रात नऊ रंगांच्या नऊ साड्या नेसून दमतात. या पोरी बारा महिने तेच करतात आणि दमत नाहीत. सरकारच्या पर्यटन खात्याने नाक मुरडायचं सोडून याच खुळावर सहली काढायचं धोरण धरलंय. आता बोला!

पण मला खरा धक्का बसला तो खातेवाटपाने. आपले देव सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, गेले कधीचेच, हजारेक वर्षं तरी झाली. पण तिथे गेल्यावर त्यांना कुठली कुठली खाती मिळालीत ते बघा. ब्रह्मदेव! इथे बिचाऱ्याला पूजाच नाही म्हणून शाप. पुष्करासारखी मोजकी ठिकाणं सोडली तर कुणी विचारत नाही. आणि तिथे? त्याच राचाप्रसोंगच्या कोपऱ्यावर चार तोंडांनी चारही रस्त्यांवर लक्ष ठेवून बसलाय, आणि अख्ख्या बँकॉकात त्याच्याइतका कामात बुडालेला देव दुसरा नसेल. 1950 च्या दशकातली गोष्ट. एरावान नावाचं सरकारी हॉटेल बांधायला घेतलं आणि अपघातांमागून अपघात. मजूर जखमी होतात, संगमरवर घेऊन येणारं जहाज बुडतं. ज्योतिषी म्हणाला, पायाभरणीचा मुहूर्तच चुकलाय, ब्रह्मदेव बसवा. 1956 साली बसवला, आणि हॉटेल उभं राहिलं. पुढे ते जुनं हॉटेल पाडून नवं बांधलं, देव मात्र जागचा हलला नाही. हॉटेल त्याच्यामुळे की तो हॉटेलमुळे, हे आता कुणाला सांगता येणार नाही.

तिथे नवस फेडायची पद्धत ऐका. नाच! देवाच्या अंगणातच जरीच्या पोशाखातल्या, डोक्यावर टोकदार मुकुट घातलेल्या नर्तकींचा ताफा दिवसभर तयार असतो. खिडकीवर पैसे भरायचे. किती जणी नाचवायच्या त्यावर दर. दोघींचा कमी, आठ जणींचा जास्त. ज्याचा नवस त्याने समोर गुडघे टेकून हात जोडून बसायचं, आणि मागे ढोलकी आणि लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजत असताना या बायका बोटं मागे वळवून संथपणे नाचणार. तेवढ्यात एक जण हळूच जांभई देते, दुसरी मुकुटाची पट्टी सारखी करते, नाच मात्र चुकत नाही. शेजारी लाकडी हत्तींचा कळप. काम मोठं तर हत्ती मोठा. जुन्या वदंतेप्रमाणे कुणा एका बाईने काम झालं तर विवस्त्र नाचेन असा नवस बोलून ठेवला होता आणि एका रात्री पडदे धरून तो फेडलाही. खरं-खोटं ब्रह्मदेव जाणे. शिव शिव! (पण मंडळी, बोललेला नवस फेडला हो तिने. आपल्याकडे काम झालं की एक नारळ देऊन बोळवण करणारे मी मोजायला बसले तर ही पुरवणी पुरणार नाही.)

इथे एक गोष्ट मात्र चेष्टेत सांगता येत नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये याच जागी बॉम्ब फुटला, वीस माणसं गेली. दोन दिवसांत देऊळ पुन्हा उघडलं आणि फुलांचे हार घेऊन पहिल्यासारखीच माणसं आली. त्या देवळाच्या दानपेटीतून इस्पितळांना मदत जाते, हेही जाता जाता नोंदवून ठेवते, नाहीतर म्हणाल बाई नुसत्या कुजक्या बोलतात.

त्या एका चौकात देवांची दाटी तरी किती! एका मॉलसमोर इंद्र. एका हॉटेलसमोर गरुडावर बसलेले नारायण. आणि लक्ष्मी? ती एका उंची खरेदीसंकुलाच्या चौथ्या मजल्यावर, गच्चीवर. भक्त गुलाबी कमळं घेऊन सरकत्या जिन्याने जातात, म्हणजे पिशव्यांच्या, घड्याळांच्या आणि अत्तरांच्या सगळ्या दुकानांवरून देवीकडे जायचं आणि तिथूनच उतरायचं. लक्ष्मी चंचल आहे असं आपण म्हणतो. तिथे ती चौथ्या मजल्यावर स्थिर आहे, चंचल होतो तो भक्ताचा बटवा, आणि तोही उतरताना.

आता आपला गणोबा. त्याला तिथे कलाखातं मिळालंय, आणि हे मात्र कुणाही मराठी माणसाला पटेल. सयामचा राजा वजिरावुध याने 1914 साली साहित्यमंडळ काढलं, तेव्हा त्याच्या मुद्रेवर गणपती घेतला. ललितकला खात्याचं बोधचिन्ह गणपती, सिल्पाकोर्न विद्यापीठाचं गणपती. नाटक-सिनेमाचं काम सुरू होताना त्याला हात जोडल्याशिवाय कॅमेरा हलत नाही. इथवर ठीक. पण छाछोएंगसाओ प्रांतात जाऊन पाहा! बँकॉकपासून दीडेक तासावरचं वाट समान रत्तनाराम. वाट म्हणजे मंदिर, आणि हे बौद्ध मंदिर बरं का, भगव्या चीवरातले भिक्खू राहतात तिथे. आणि त्याच्या नदीकाठच्या अंगणात गणपती. चक्क लोळलेला, उशीवर हात टेकून, आणि रंग? गुलाबी! सोळा मीटर उंच, बावीस मीटर लांब. त्याच प्रांतात ख्लोंग ख्वेअन इथे 39 मीटरचा उभा, कांस्याचा, हातात फणस, ऊस, केळी, आंबा घेतलेला. आणि वाट फ्रोंग अकात इथे 49 मीटरचा बसलेला. एका प्रांतात तिघे. आमच्या गल्लीतल्या मंडळांनी हे वाचू नये, एवढीच इच्छा. पुढच्या वर्षीच्या वर्गणीचा आकडा मलाच भरायचा आहे.

समान रत्तनारामची खरी गंमत गणपतीत नाही, उंदरांत आहे. सात वारांचे सात रंगांचे उंदीर. रविवारचा लाल, सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी, बुधवारचा हिरवा, गुरुवारचा नारिंगी, शुक्रवारचा निळा, शनिवारचा जांभळा. आपल्या जन्मवाराचा उंदीर हुडकायचा, पायरीवर चढायचं, त्याच्या एका कानात इच्छा सांगायची. आणि इथे नीट लक्ष द्या, आपल्या हाताने त्याचा दुसरा कान झाकून धरायचा. का? तर एका कानातून आत गेलेलं दुसऱ्या कानातून बाहेर पडू नये. मी एका काकांना दोन्ही हात लांबवून, पोट उंदराच्या डोक्याला टेकवून, कसरत करत कुजबुजताना पाहिलं; त्यांची बायको खालून पिशवी सांभाळत विचारत होती, बहुधा, की एवढं काय सांगताय. नंदीच्या कानात आपण गेली कित्येक शतकं सांगतोय, आणि आपल्यातले बरेच जण दुसरा कान उघडा सोडून! कामं का होत नाहीत याचा खुलासा इतक्या उशिरा झाला.

राहूचं प्रकरण तर विचारूच नका. आपण राहुकाळात साधा फोन लावत नाही. तिथे नाखोन पथोममधल्या वाट सीसा थोंगला राहूचे आठ काळे नैवेद्य मांडून आदराने बोलावतात. काळी कोंबडी, काळी दारू, काळी कॉफी, काळा चिकट भात, काळी अंडी आणि असंच काय काय. बुधवारची रात्र त्याची. ज्याची पीडा टाळायची त्यालाच कॉफी पाजायची, हा व्यवहार मला तरी पटला. शत्रूला चहाला बोलवावं हे आपल्या राजकारण्यांनाही ठाऊक आहे, ग्रहांच्या बाबतीत आपल्याला का सुचलं नाही कोण जाणे.

इथपर्यंत देव झाले. पण खूळ एकदा लागलं की ते देवांपाशी थांबतं का? 2015-16 च्या सुमाराला बाहुल्यांची साथ आली. 'लूक थेप', देवबाळं. मंत्रवून घेतलेली प्लॅस्टिकची बाहुली कडेवर घ्यायची, तिला दागिने, दूध, हॉटेलात वेगळी खुर्ची. नशीब उघडतं म्हणे. हद्द अशी की एका विमान कंपनीने या बाळांना तिकीट देऊ केलं. खिडकीजवळची जागा, उड्डाणाच्या वेळी पट्टा बांधायचा, खाऊ-पाणी मिळणार. सरकारी खात्याला सांगावं लागलं की बाहुली ती बाहुली, तिची जागा सामानात. त्याच दिवसांत चियांग माईच्या विमानतळावर अशा एका देवबाळाच्या पोटात नशेच्या गोळ्या निघाल्या. नशीब उघडलं, फक्त पोलिसांचं.

मग नाखोन सी थम्मरातच्या वाट चेदीतला 'ऐ खाई', एका मुलाचं भूत. कोरोनाच्या साली त्याची अशी काही लाट आली की फेडलेल्या नवसांच्या कोंबड्यांच्या पुतळ्यांचे डोंगर लागले. लाल सरबतं, गलोली आणि फटाक्यांच्या माळा, हे त्याचे लाड. लॉटरीची सोडत महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला, आणि त्याआधी त्याच्याकडे आकडे मागणाऱ्यांची रीघ. देवळाभोवती फटाक्यांच्या लाल कागदांचा असा थर, की झाडू मारणाऱ्या माणसाचा नवस काय असेल ते न बोलताच कळतं. 2023 मध्ये बँकॉकात नखं लाल, दात बाहेर आलेला एक काळाकभिन्न 'गुरू' एका हॉटेलसमोर बसवला. आणताना तो पादचारी पुलाखाली अडकून वाहतुकीचा खोळंबा झाला आणि सगळ्या देशाला त्याची ओळख पटली. त्याच्याविषयी मी जास्त लिहिणार नाही. रात्र झाली आहे.

एवढं सगळं चघळून झाल्यावर प्रभादेवीला गेले, तर सिद्धिविनायकाच्या रांगेत पुढे कोण? थाई मंडळी! पांढरेशुभ्र कपडे, हातात झेंडूचे हार, आणि प्रत्येकाला आपला जन्मवार तोंडपाठ. फुकेतला दगडूशेठच्या गणपतीची प्रतिकृती बसवणारीही हीच माणसं, तेव्हा त्यांना देवाचा पत्ता सांगायची सोय नाही. चांदीच्या उंदरापाशी पोहोचल्यावर त्यांनी सराईतपणे दुसरा कान झाकला. मागच्या आपल्या दोन वहिनींनी ते टिपलं, डोळ्यांनीच एकमेकींना खुणावलं, आणि आपली पाळी आल्यावर त्यांनीही झाकला. एकीने लगेच घरी फोन लावून सासूबाईंना विचारलं, माझा जन्म कुठल्या वारचा हो?

सासूबाईंना सुनेचा वार कसा ठाऊक असणार? तेव्हा तुम्ही आपल्या आईलाच विचारून ठेवा. आणि बुधवार निघाला तर वेळही विचारा. थाई लोक बुधवारचे दोन भाग करतात. दिवसाचा जन्म असेल तर हिरवा उंदीर, काम सोपं. रात्रीचा असेल तर फाईल राहूच्या खात्यात जाते. मग काळी कोंबडी कुठे मिळते ते मटणवाल्यालाच विचारावं लागेल.